टँगो नाच आणि कंपवाताची पावले

आरोग्याच्या सदरात परदेशी नाचाची माहिती कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. कारण आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला चालताना ज्या अडचणी येतात, नेमक्या त्याच हालचालींचा सराव अर्जेंटिनातील टँगो नाचात होतो. त्यामुळे हा नाच आता मेंदूविकाराच्या डॉक्टरांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे.

टँगोचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन काठांवर झाला. एका काठाला अर्जेंटिनाचे ब्यूनोस आयर्स, दुसऱ्या काठाला उरुग्वेचे माँटेव्हिडिओ, आणि दोन्ही बंदरे. इटली व स्पेनमधून पोटासाठी आलेले मजूर, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज आणि खेड्यातून शहरात आलेली माणसे तेथे आपल्या मुंबईच्या चाळींसारख्या दाटीच्या घरांतून एकत्र राहत. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा कँडोंबे, क्यूबाचा हाबानेरा आणि स्थानिक मिलोंगा यांच्या मिश्रणातून हा नाच घडला. त्याच्या साथीचे बँडोनियन हे वाद्य मूळ जर्मनीचे. आपल्या पेटीच्याच जातीचे, पण भाता दोन्ही हातांत धरून वाजवायचे. सुरुवातीला घरंदाज लोक या नाचाला नाके मुरडत. पुढे १९१३ च्या सुमारास पॅरिसला त्याचे वेड लागले, तेव्हा मायदेशातही तो प्रतिष्ठित झाला. (परदेशाने वाखाणल्याशिवाय आपल्या वस्तूची किंमत न कळणे ही खोड केवळ आपलीच नव्हे!) २००९ साली युनेस्कोने टँगोचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आता आजाराकडे वळू. कंपवातात मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हाताचा कंप सर्वांना दिसतो, पण रुग्णाला जास्त घातक ठरते ते चालणे. पावले आखूड पडतात, अंग ताठरते. दाराच्या चौकटीत किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वरचे शरीर मात्र पुढे जाते आणि माणूस पडतो. कपाट उघडताना एक पाऊल मागे घ्यावे लागते, तेवढ्यानेही तोल जातो. उतारवयात असे पडणे म्हणजे बऱ्याचदा खुब्याचे हाड मोडणे, आणि अंथरुणाला खिळणे.

गंमत अशी की, सपाट जमिनीवर अडणारा हाच रुग्ण जिना मात्र चढून जातो. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकत. फरशीवर खडूने आडव्या रेघा ओढून दिल्यावर त्या ओलांडत नीट चालू लागले. आपण न विचार करता चालतो, ती आपोआप चालण्याची यंत्रणा या आजारात बिघडते. मात्र डोळ्यांना दिसणारी रेघ, कानावर पडणारा ठेका किंवा दुसऱ्याच्या हाताची खूण मिळाली, की मेंदू पाऊल उचलण्याचे काम दुसऱ्या वाटेने करून घेऊ शकतो. टँगोत ठेका आणि जोडीदाराची खूण दोन्ही आहेत.

या नाचाचा पाया म्हणजे केवळ चालणे. जोडीदार समोरासमोर उभे राहतात. पुढाकार घेणाऱ्याचा उजवा हात दुसऱ्याच्या पाठीवर, आणि डाव्या हातात त्याचा उजवा हात. पहिला धडा म्हणजे जागच्या जागी सगळा भार एका पायावर घ्यायचा, मग दुसऱ्यावर. एक पाय पूर्ण मोकळा झाल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. हे जमले की पुढचा डाव्या पायाने पुढे येतो आणि समोरचा उजव्या पायाने मागे जातो.

शिकवताना आठ पावलांचा एक क्रम बऱ्याचदा देतात. पुढाकार घेणारा उजवा पाय मागे, डावा बाजूला, उजवा पुढे, डावा पुढे टाकतो आणि पाचव्याला पाय जुळवतो. त्याच वेळी समोरची व्यक्ती डावा पाय उजव्याच्या पुढून ओलांडून ठेवते. मग डावा पुढे, उजवा बाजूला आणि पुन्हा जुळवणी. 'ओचो' म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ. त्यात पावलांनी जमिनीवर आठाचा इंग्रजी आकडा काढत वळायचे असते. मध्येच थांबले तरी चूक नाही, थांबणे हा टँगोचा भागच आहे. मागे चालणे, वळणे, थांबणे आणि पुन्हा निघणे: रुग्णाला नेमके हेच जड जाते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे हॅकनी आणि अरहार्ट या संशोधकांनी २००९ मध्ये ५८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना टँगो, काहींना वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट हे युरोपीय-अमेरिकी नाच शिकवले. आठवड्यातून दोनदा, तासभर, असे २० धडे. काहींना काहीच शिकवले नाही. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल व चालणे सुधारले, आणि काही बाबतींत टँगो सरस ठरला. आजार यामुळे बरा होत नाही, औषधे चालूच ठेवावी लागतात, हे स्पष्ट सांगतो.

आपल्या गावात टँगोचा शिक्षक कोठून आणणार? त्याची गरजही नाही. भजनाचा संथ ठेका चालेल. जोडीदार पत्नीच हवी असेही नाही. ब्यूनोस आयर्समध्ये सुरुवातीच्या काळात पुरुष पुरुषांबरोबरच सराव करीत. तेव्हा वडिलांबरोबर मुलगा उभा राहू शकतो. आजी-आजोबांना संकोच वाटत असेल तर दार लावून घ्यावे, पण कडी घालू नये.

सुरुवात भार बदलण्यापासून करावी, मग चार पावले पुढे, चार मागे. मागे जाताना जोडीदाराने दोन्ही हात धरलेले असावेत, आणि वळण लहान पावलांनी, मोठे घ्यावे. गोळीचा परिणाम चांगला जाणवत असेल ती वेळ निवडावी. चटई, सतरंजी उचलून ठेवावी. पायमोजे किंवा सैल चप्पल घालून करू नये. या रुग्णांचा रक्तदाब उभे राहताना एकदम उतरू शकतो, म्हणून आधी दोन मिनिटे खुर्चीत बसून पाय हलवावेत. चक्कर, छातीत दुखणे किंवा नुकतेच पडणे झाले असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सुरू करू नये. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत.