बांधकामाचा तंटा : कोर्टाआधी पंच

विहीर बांधा की गोठा, शेवटच्या हप्त्याला तंटा ठरलेलाच. मिस्त्री म्हणतो काम वाढलं, आपण म्हणतो भिंत तडकली. वर्धेला दावा टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत बसावे. उभयतांच्या राजीने झालेल्या निवाड्यावर अपील नाही. आधीच टाकलेला दावा तिथे मिटला तर कोर्ट फीही परत मिळते.

मोठ्या कामाच्या करारात लवादाचे कलम असते, ते सहीआधी वाचावे. कंत्राटदारच एकटा पंच नेमणार, असेही लिहिलेले सापडते! ही कुठली पंचायत? तंटा उठल्यावर तुम्ही लेखी मान्यता दिल्याखेरीज असा पंच चालत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. मोजमापाच्या वहीवर मात्र थराथराला दोघांच्या सह्या घ्या. पंच आधी तीच मागतात.