पगार कापला की सोडला?

मी अजिंठ्याहून बोलतोय. 2020 च्या मार्चमध्ये लेणी बंद झाली आणि गाइड, दुकानदार, सगळ्यांची कमाई थांबली. एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने आमदारांच्या पगारात वर्षभरासाठी 30 टक्के कपात केली. खासदारांचेही महिन्याच्या 1 लाखातले 30 हजार गेले. पण ही कपात सरसकट होती. राष्ट्रपती आणि राज्यपालांनी मात्र स्वतःहून पगार कमी घेतला. असं करता येतं बरं का! 1961 चा कायदाच आहे: स्वेच्छेने सरकारला सोडलेल्या पगारावर इन्कम टॅक्स लागत नाही. एवढ्याने तिजोरी भरत नाही, खरंय. पण ज्याची कमाई शून्यावर आलीय, त्याला कोणीतरी सोबत आहे असं वाटतं. म्हणून पुढच्या संकटात आपल्या नेत्याला विचारा: कापलं ते कळलं, स्वतःहून किती सोडलं?