छावणीचे शहर आणि आमची टेकडी

आमच्या लोणार तालुक्यातला भूमिहीन माणूस पोटासाठी गाव सोडतो तेव्हा त्याची वाट ठरलेली असते. एसटीने सुलतानपूर, सिंदखेडराजा करीत जालना, जालन्याहून रेल्वेने कल्याण. जगभरचे लोक उल्कापाताने झालेले आमचे विवर पाहायला येतात आणि त्याच्या काठावरची आमची माणसे उल्हासनगरला जातात! १९७२ च्या दुष्काळात असा मोठा लोंढा मराठवाडा-विदर्भातून निघाला. आम्हीही पुढे त्याच वाटेने येथे आलो. उल्हासनगर म्हटले की लोकांना सिंधी बाजार आठवतो, ‘मेड इन यूएसए’चा जुना विनोद आठवतो. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! याच शहरात सुभाष टेकडीसारख्या आंबेडकरी वस्त्या आहेत आणि दोन्ही समाज पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या शेजारी जगत आहेत, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

हे शहर मुळात लष्कराची छावणी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधल्या गेल्या. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या सुमारे एक लाख हिंदूंना सरकारने त्या रिकाम्या बराकींत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘उल्हासनगर’ हे नाव पडले, जवळच्या उल्हास नदीवरून. आजही येथे पत्ता सांगताना माणूस ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतो. छावणी गेली, महानगरपालिका आली, पण कॅम्प हा शब्द काही गेला नाही.

सिंधी माणसाच्या जिद्दीला आम्ही मनापासून मान देतो. घरदार, शेती, पेढी सोडून आलेल्या माणसांनी बराकीच्या दारात पापड लाटले, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकली आणि त्यातून फर्निचरचा, कापडाचा, जीन्सचा बाजार उभा केला. शिक्षणाचेही तसेच. सिंध हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी मुंबईत आले आणि १९४९ साली त्यांनी वांद्र्याला पुन्हा नॅशनल कॉलेज उभे केले. त्यांच्याच संस्थेचे सी.एच.एम. कॉलेज उल्हासनगरात आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज काढले. उखडलेल्या समाजाला आधी शाळा लागते, हे ज्यांना कळले ते तगले.

शेजार म्हणून म्हणाल तर आमचा अनुभव गोड-कडू दोन्ही आहे. चेटीचंड आणि भीमजयंती एखाद्या वर्षी आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने येतात. आमच्या मिरवणुकीला सिंधी दुकानदार पाणी देतात, त्यांच्या झुलेलालच्या मिरवणुकीत आमची पोरे नाचतात. जीन्सच्या कारखान्यात आमच्या बायका धागे कापतात, पोरे शिलाई मारतात, हातगाडी ओढतात. आमच्या मुलांना सिंधी समजते, शेठच्या मुलांना मराठी येते. दाल-पकवान तर आता आमचाही रविवारचा नाश्ता झाला आहे. पण खोली भाड्याने घ्यायला गेले की आडनाव विचारले जाते. आडनावाने समाधान झाले नाही तर गाव विचारतात आणि गाव सांगूनही भागले नाही तर भिंतीवर कोणाचा फोटो लावणार, असे विचारतात. हे केवळ सिंधी घरमालकच करतात असे मुळीच नाही. मराठी घरमालक त्यांच्यापेक्षा दोन प्रश्न जास्तच विचारतो.

वाचकहो, फाळणीचा विषय निघाला की आपल्याला एक पान विसरून चालणार नाही. सिंधमधून सवर्ण हिंदू निघाले तेव्हा तेथील सफाई कामगारांना पाकिस्तान सरकारने ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवून अडकवून ठेवले. भारताचे उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी विचारणा केली तेव्हा, हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, असा सवाल त्यांना ऐकावा लागला. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून पाकिस्तानातील अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले. १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. मदत मिळे ती फक्त छावणीत राहणाऱ्या निर्वासितांना, आणि छावणीचे अधिकारी भेदभाव करीत म्हणून अस्पृश्य निर्वासित छावणीत राहू शकत नसत, ही त्यांची तक्रार होती. देशाचा कायदेमंत्री पंतप्रधानांकडे दाद मागतो आहे की निर्वासितांतही जात पाहिली जाते! म्हणजे निर्वासित म्हणवून घेण्यासाठीसुद्धा जातीची पात्रता लागत होती.

लष्करी छावणीतून पुढे वसलेल्या समाजाचे दुसरे उदाहरण अमेरिकेत आहे. १९७५ साली सायगाव पडले आणि सुमारे एक लाख तीस हजार व्हिएतनामी माणसे अमेरिकेत आली. त्यातील कित्येकांना कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर तंबूंत ठेवले होते. तेथून ती जवळच्या वेस्टमिन्स्टर, गार्डन ग्रोव्ह या उपनगरी शहरांत शिरली. बोल्सा ॲव्हेन्यूवर दुकाने निघाली, बुद्धविहारे झाली, १९७८ मध्ये एका गॅरेजमधून ‘न्गुओई व्हिएत’ हे वृत्तपत्र सुरू झाले. १९८८ मध्ये त्या भागाला ‘लिटल सायगाव’ हे नाव सरकारी मान्यतेने मिळाले. १९९२ मध्ये टोनी लॅम वेस्टमिन्स्टरच्या नगर परिषदेवर निवडून आले. अमेरिकेत निवडणूक जिंकणारे ते पहिले व्हिएतनामी.

पण त्याच वेस्टमिन्स्टरची त्याआधीची गोष्ट आपल्या अधिक ओळखीची आहे. १९४३-४४ च्या सुमारास तेथे मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी होती. मेंडेझ कुटुंबातील मुलांना त्यांची आत्या गोऱ्यांच्या शाळेत घेऊन गेली. तिची स्वतःची मुले रंगाने उजळ आणि आडनावाने फ्रेंच वाटत, त्यांना प्रवेश मिळाला. मेंडेझ आडनावाच्या सावळ्या मुलांना नाही. मुलांचे वडील गोन्सालो मेंडेझ शेतकरी होते, ते कोर्टात गेले. १९४६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, १९४७ मध्ये अपिलातही टिकला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शाळांतील वेगळेपणाचा कायदा रद्द केला. तेव्हाचे गव्हर्नर अर्ल वॉरन. पुढे १९५४ चा ब्राऊन खटल्याचा ऐतिहासिक निकाल त्यांनीच सरन्यायाधीश म्हणून लिहिला. व्हिएतनामी मुले १९७५ नंतर वेस्टमिन्स्टरच्या शाळेत सरळ दाराने शिरली, त्या दाराचे कुलूप एका मेक्सिकन शेतकऱ्याने तीस वर्षे आधी काढून ठेवले होते. हे तेथील किती व्हिएतनामी दुकानदारांना ठाऊक असेल?

आमच्याकडे हा हिशेब तारखेवर येऊन अडतो. सिंधी निर्वासिताला शासनाने तारीख विचारली ती नुकसानभरपाई देण्यासाठी. १९५४ च्या विस्थापितांच्या कायद्याने त्याला बराकीची मालकी मिळण्याचा रस्ता झाला. तो त्याचा हक्कच होता, उपकार नव्हे. पुढे शहरात बेकायदा इमारती इतक्या झाल्या की हायकोर्टाने पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा २००६ साली केवळ उल्हासनगरसाठी त्या नियमित करण्याचा वेगळा कायदा विधिमंडळाने केला. आणि दुष्काळाने हाकललेल्या आमच्या माणसाला? त्यालाही तारीखच विचारतात, पण झोपडे पाडायचे की ठेवायचे हे ठरवण्यासाठी. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. फाळणीने विस्थापित झाला तो निर्वासित आणि दुष्काळाने, सावकाराने, गावकुसाने विस्थापित झाला तो अतिक्रमणवाला, हा भेद कोणी केला? आमचा वाद सिंधी बांधवांशी नाही, या भेदाशी आहे. एका शहरासाठी खास कायदा होऊ शकतो हे शासनानेच दाखवून दिले आहे. टेकडीवरच्या माणसाने तेच कलम बोट ठेवून मागितले पाहिजे, आणि मागताना सिंधी शेजाऱ्याला सोबत घेतले पाहिजे. मोडक्या बराकीत आणि कोसळायला आलेल्या इमारतीत राहणारा गरीब सिंधी आजही येथे पुष्कळ आहे.

आमच्या खोलीत पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात जुनी लाइट बिले, रेशनकार्ड, मतदारयादीचा फाटका कागद आणि लोणारच्या शाळेचा दाखला आहे. पावसाळ्यात पाणी शिरले की घरातले आधी ती पेटी माळ्यावर ठेवतात. आमच्या घरमालकाकडेही अशीच एक पेटी आहे, त्याच्या वडिलांचे छावणीचे कार्ड तिच्यात आहे. पाणी शिरले की तोही आधी पेटीच उचलतो.