सत्तापालट आणि राजकीय हत्येचे खटले

राज्यकर्ते बदलले की मोठ्या माणसाच्या खुनाचा खटला एकतर जोराने पुढे सरकतो किंवा कायमचा थंडावतो, असे बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मंत्रिमंडळ बदलल्याने न्यायाधीश बदलत नाही. पुराव्याचा कायदाही तोच राहतो. मग बदल होतो तो नेमका कोठे, हे पुण्यातील एका खटल्याच्या इतिहासावरून चांगले समजते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळील महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर झाला. त्या वेळी राज्यात पृथ्वीराज चव्हाण यांचे सरकार होते. ते या हत्येविषयी उदासीन होते असे म्हणता येणार नाही. जादूटोण्याविरुद्धचा जो कायदा वर्षानुवर्षे रखडला होता, त्याचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला. तपास मात्र भरकटला. पुणे पोलिसांनी २०१४ च्या जानेवारीत शस्त्रविक्रीच्या संशयावरून दोघांना धरले. पण त्यांच्याविरुद्ध मुदतीत आरोपपत्र न आल्याने ते जामिनावर सुटले. तेव्हा पहिले नऊ महिने वाया गेले ते सत्तापालटामुळे नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे.

९ मे २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. त्यानंतर एका आठवड्याने लोकसभेचे निकाल लागून केंद्रातील सत्ता पालटली, आणि ऑक्टोबरअखेर राज्यातीलही. तपास करणारे खाते अशा रीतीने नव्या केंद्र सरकारच्या हाताखाली आले. पुढे दोन वर्षे अटक अशी झालीच नाही. जून २०१६ मध्ये डॉ. वीरेंद्रसिंह तावडे यांना अटक झाली. सप्टेंबरात आरोपपत्र आले आणि त्यात गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरारी इसमांची नावे घालण्यात आली. ही नावे पुढे खटल्याला फार महाग पडली.

खरा धागा सापडला तो दुसऱ्याच राज्यात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरला पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाला. कर्नाटकात त्या वेळी काँग्रेसचे सरकार होते व त्याने विशेष तपास पथक नेमले. त्या पथकाला मिळालेल्या माहितीवरून ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यास छापा घातला, शरद कळसकर हाती लागला, आणि त्याच्या जबानीवरून सचिन अंदुरे. म्हणजे २०१६ च्या आरोपपत्रातील मारेकरी वेगळे आणि आताचे वेगळे! बचावाच्या वकिलांनी या विसंगतीवर बोट ठेवले नसते तरच नवल. तथापि या अटका झाल्या तेव्हा केंद्रात व महाराष्ट्रात भारतीय जनता पक्षच सत्तेवर होता, हेही नमूद केले पाहिजे. संघराज्यात दोन शेजारी राज्यांची सरकारे भिन्न पक्षांची असणे कधी कधी तपासाच्या पथ्यावर पडते.

आता कायद्याकडे पाहू. सरकारचा हात न्यायासनापर्यंत पोहोचत नाही, परंतु त्याच्या अलीकडे तो बऱ्याच ठिकाणी पोहोचतो. तपासी अधिकारी कोण, त्याची बदली केव्हा, हे गृहखाते ठरवते. काही कलमांखाली खटला भरण्यास सरकारची मंजुरी लागते. सरकारी वकील सरकारच नेमते. मालेगाव येथील २००८ च्या स्फोटाचा खटला हा व्यक्तीच्या हत्येचा नव्हे. पण त्यातील विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ साली, नवे सरकार आल्यावर आपणास सौम्य धोरण ठेवण्यास सांगण्यात आले, असे जाहीर केले. तपास यंत्रणेने ते साफ नाकारले. तो खटला जुलै २०२५ मध्ये सर्व आरोपींच्या सुटकेने संपला.

सर्वांत उघड मार्ग म्हणजे खटला काढून घेणे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२१ व्या कलमाने ही मुभा सरकारी वकिलास दिली होती, आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ती आहे. मात्र न्यायालयाची संमती लागते. खासदार व आमदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून काढून घेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले.

सत्तापालटाने तपासाची दिशाच वादात पडल्याचे मोठे उदाहरण बिहारचे आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा संबंध येतो. रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र २ जानेवारी १९७५ रोजी समस्तीपूर स्थानकावरील स्फोटात जखमी होऊन दुसऱ्या दिवशी वारले. केंद्रीय तपासाने आनंदमार्गीयांवर आरोप ठेवला. १९७७ साली दिल्लीत व पाटण्यात नवी सरकारे आली. तेव्हा बिहार सरकारने सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्याकडून हे प्रकरण तपासून घेतले, आणि त्यांनी केंद्रीय तपासाविषयी गंभीर शंका व्यक्त केली. एक सरकार ज्यांना खुनी म्हणते त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यावर दुसरे सरकार अविश्वास दाखवते, अशा स्थितीत साक्षीदाराने काय करावे? १९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीस हलवला. निकाल लागला डिसेंबर २०१४ मध्ये. चौघांना जन्मठेप झाली. तारकुंडे त्यापूर्वी दहा वर्षे निवर्तले होते.

पुण्याच्या खटल्याला इतका काळ लागला नाही, याचे बरेचसे श्रेय दाभोलकर कुटुंबीयांच्या चिकाटीस आहे. त्यांच्या अर्जावरून उच्च न्यायालयाने तपासावर देखरेख ठेवली, ती थेट एप्रिल २०२३ पर्यंत. खुनापासून निकालापर्यंत राज्यातील सत्ता २०१४, २०१९ व २०२२ अशी तीनदा पालटली. अधिकाऱ्यांना जाब मात्र त्याच न्यायालयापुढे द्यावा लागे. सप्टेंबर २०२१ मध्ये दोषारोप निश्चित झाले.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने अंदुरे व कळसकर यांना जन्मठेप आणि प्रत्येकी पाच लाख रुपये दंड ठोठावला. तावडे यांच्यासह तिघे पुराव्याअभावी निर्दोष सुटले. खुनाचा सूत्रधार कोणी निराळाच असून त्याला शोधण्यात पुणे पोलीस व केंद्रीय विभाग हे दोघेही अपयशी ठरले, असे न्यायालयाने निकालपत्रात म्हटले. आणि हे केवळ अपयश, की सत्तेतील कोणाच्या प्रभावाखाली झालेली हेतुपुरस्सर हयगय, याचा विचार त्यांनी स्वतःशी करावा, असेही तेथे लिहून ठेवले आहे.