गट्टी फू : शिष्ट झालेल्या एका मैत्रिणीची गोष्ट

माझी भाची सहावीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवडाभरातच तिचा डबा भरलेलाच घरी परत यायला लागला. भाजी आवडली नाही, भूक नव्हती, सुट्टी लहान होती, अशी रोज नवी सबब. शेवटी एका संध्याकाळी माझ्याजवळ बसून तिनं एका वाक्यात सगळं सांगून टाकलं : “आत्या, ती आता माझ्या बेंचवर बसत नाही.”

‘ती’ म्हणजे बालवाडीपासूनची मैत्रीण. दोघींनी एकच खोडरबर मधोमध कापून वाटून घेतलेलं. आता ती खिडकीजवळच्या ग्रुपमध्ये बसते. भाचीच्या दप्तराला लटकणारी छोटी कापडी मांजर बघून तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, “अजून हे?” भांडण नाही, शिवी नाही, नुसते हे दोन शब्द. डबा परत येत होता तो त्या दोन शब्दांमुळे.

पहिली-दुसरीत गट्टी फू झाली की दोन दिवसांत बट्टी होते. अकरा-बाराव्या वर्षी होणारी गट्टी फू मात्र कुणी मोठ्यानं म्हणतही नाही. एकीला कळलेलं असतं, दुसरी वाट बघत राहते. आपल्याकडे अशा मुलीला ‘शिष्ट’ म्हणतात. शिष्टाचारातला हा शब्द शाळेच्या वर्गात आला की त्याचा अर्थ पार बदलतो. नाक वर, आवाज थंड आणि कालपर्यंत जे दोघींचं होतं त्याची आज लाज.

अशा शिष्ट मैत्रिणीचं मला माहीत असलेलं सर्वांत खरं चित्र एका अमेरिकन मालिकेत आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तिकडे ‘ट्वीन’ असा शब्द आहे आणि त्या वयासाठी पुस्तकांचं वेगळं कपाट असतं. त्या कपाटातली ‘द बेबी-सिटर्स क्लब’ ही मालिका. लेखिका अ‍ॅन एम. मार्टिन, प्रकाशक स्कोलॅस्टिक. कल्पना होती संपादक जीन फायवेल यांची. 1986 मध्ये पहिलं पुस्तक आलं, तेव्हा बेत फक्त चार पुस्तकांचा होता. 2000 पर्यंत मुख्य मालिकेच्याच 131 कादंबऱ्या झाल्या. पुढची बरीच पुस्तकं मार्टिन यांच्या नावाखाली इतर लेखकांनी लिहिली. सगळ्या मिळून 17 कोटींहून अधिक प्रती खपल्या.

गोष्ट साधी आहे. कनेटिकट राज्यातलं स्टोनीब्रूक हे कल्पित गाव. तिथल्या बारा-तेरा वर्षांच्या चार मुली शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळायचा क्लब काढतात. आपल्याकडे शेजारच्या काकू “जरा बाळाकडे बघ गं” म्हणून भाजी आणायला जातात. तिथं याचा हिशेब ठेवला जातो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते सहा, क्लॉडिया किशीच्या खोलीत बैठक. क्लॉडियाच का? कारण स्वतःचा फोन फक्त तिच्या खोलीत आहे. क्रिस्टी अध्यक्ष, मेरी अ‍ॅन चिटणीस आणि गणितात हुशार असलेली स्टेसी मॅकगिल खजिनदार.

स्टेसी मूळची न्यूयॉर्कची. तिथं तिची जिवलग मैत्रीण होती लेन कमिंग्ज. लेनचं घर डाकोटा इमारतीत. ही इमारत खरोखरची आहे. सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला, 1884 मध्ये पूर्ण झालेली. जॉन लेनन तिथंच राहत होता आणि 1980 मध्ये तिच्याच दाराशी त्याचा खून झाला. लेनचा पत्ता कळला की ती कुठल्या थरातली, हे न्यूयॉर्कच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

पहिल्या पुस्तकात स्टेसी काहीतरी लपवतेय एवढं दिसतं. क्लॉडिया खोलीत जागोजागी चॉकलेटं दडवून ठेवते आणि सगळ्यांना वाटते. स्टेसी ‘डाएट’ चालू आहे म्हणून नाही म्हणते. खरं कारण पुढे कळतं. तिला टाइप 1 मधुमेह आहे. तिसऱ्या पुस्तकात, ‘द ट्रूथ अबाउट स्टेसी’मध्ये, न्यूयॉर्क सुटलं त्यामागची गोष्ट येते. स्टेसी लेनच्या घरी रात्री राहायला गेली होती. आजाराचं निदान अजून व्हायचं होतं. त्या रात्री तिनं लेनच्या अंथरुणात शू केली.

मुलींच्या पुस्तकात 1986 साली हे लिहिलं गेलं याचं मला अजून अप्रूप वाटतं. लेखिकेनं नाजूकसाजूक चक्कर आणून सुटका करून घेतली नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीला सर्वांत लाजिरवाणी वाटेल अशी गोष्ट निवडली आणि ती वैद्यकशास्त्राला धरूनही आहे. टाइप 1 मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवणं थांबवतं. रक्तात साखर साठते, मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकतात आणि साखरेबरोबर पाणीही ओढून नेतात. म्हणून सारखी तहान, सारखी लघवी, वजनात घट, प्रचंड थकवा. अंथरूण ओलं करणं कधीच बंद झालेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, तर ही या आजाराची खूण असू शकते. घरातले मात्र “एवढी मोठी झालीस आणि...” म्हणून रागावतात. इथं रागावण्यात वेळ घालवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली साखर तपासावी. उशीर झाला तर ते मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

लेन चिडते आणि बोलणं टाकते. वर्गातल्या इतर मुलीही तिच्यामागे जातात. दोघींच्या आईवडिलांची घट्ट मैत्री, त्यामुळे मोठी माणसं एकमेकांना भेटत राहतात आणि मुली मात्र तोंड फिरवून बसतात. स्टेसीचे आईवडील तिला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेत राहतात आणि बाहेर कुणाला काही सांगत नाहीत. घरातली ही चुप्पीच लेनचा गैरसमज वाढवते. पुढे दोघी समोरासमोर येतात, खरं काय ते बोललं जातं आणि बट्टी होते. स्टेसी मधल्या काळात न्यूयॉर्कला राहायला परत जाते, तेव्हा लेन तिच्यासोबत असते. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर स्टेसी आईबरोबर पुन्हा स्टोनीब्रूकला येते, तेव्हाही मैत्री टिकलेली असते.

इथं थांबलं असतं तर ती चारचौघींसारखी गोष्ट झाली असती. पण 1992 मध्ये मालिकेचं 51 वं पुस्तक आलं, ‘स्टेसीज एक्स-बेस्ट फ्रेंड’. माझ्याकडे त्याची प्रत आहे. कोपरे दुमडलेली, पानं पिवळी पडलेली, मुंबईत फुटपाथवर घेतलेली. विकत घेतली तेव्हा मी स्वतः त्या वयाची नव्हते, तरी बसमध्ये उभ्या उभ्या वाचून संपवली.

लेन सुट्टीत स्टोनीब्रूकला स्टेसीकडे राहायला येते. स्टेसी कितीतरी दिवस वाट बघत असते. येते ती मात्र वेगळीच मुलगी. कपडे, बोलणं, आवडीनिवडी, सगळंच मोठ्यांचं. किंग नावाचा, तिच्याहून मोठा बॉयफ्रेंड. स्टोनीब्रूक तिला खेडं वाटतं. मुलं सांभाळणं बालिश वाटतं. क्लबमधल्या मुली तिचं मनापासून स्वागत करायला जातात आणि ती त्यांच्याकडे अशी बघते की त्यांना आपल्याच कपड्यांची लाज वाटावी. स्टेसी आधी सांभाळून घेते. प्रवासानं दमली असेल, मूड नसेल. मग मैत्रिणींची माफी मागत फिरते. त्यानंतर कधीतरी तिच्या लक्षात येतं की आपण आपल्याच घरात अवघडून वावरतोय. शेवटी ती लेनला तोंडावर सांगते आणि मैत्री संपते. या वेळी कुठला गैरसमज नाही, म्हणून खुलासाही नाही. मोठं माणूस मध्ये पडून हातात हात देत नाही.

पहिल्या वेळी मैत्री तुटली ती न सांगितलेल्या गोष्टीमुळे. ती सांगितली आणि जुळली. दुसऱ्या वेळी सगळं डोळ्यांसमोर होतं. लेनला आता दुसरंच आयुष्य हवं होतं. अशा वेळी बोलून काही होत नाही, आणि मुलांच्या पुस्तकात हे कबूल करायला धाडस लागतं. बहुतेक लेखक इथं मोह आवरत नाहीत. शेवटच्या पानावर शिष्ट मुलगी रडत येते आणि सगळं गोड होतं. मार्टिन यांच्या नावावरच्या या पुस्तकानं तसं केलं नाही, म्हणून ते मला जवळचं वाटतं.

या मालिकेत काळ एका जागी थांबलेला आहे, हेही इथं लक्षात घ्यायला हवं. दहाव्या पुस्तकाच्या सुमारास मुली आठवीत जातात आणि पुढची कितीतरी वर्षं आठवीतच राहतात. उन्हाळे येतात, नाताळ येतात, मुली तेराच्या तेराच. आठवी संपते ती थेट 2000 मध्ये, मालिका बंद होताना. अशा थांबलेल्या जगात एकच मुलगी मोठं व्हायची घाई करते, आणि तिला बाहेर जावं लागतं. तेराव्या वर्षी दोघी मैत्रिणी एकाच वेगानं मोठ्या होत नाहीत. एकीला लिपस्टिक हवी असते, दुसरीला अजून सापशिडी खेळायची असते. यात चूक कुणाचीच नसते. लेन घाई करते ते मला क्षम्य वाटतं. मागे राहिलेलीला ती कमी लेखते, तिथं ती चुकते.

आणि पुढे जे होतं ते वाचून मी थबकले. 1995 मध्ये 83 वं पुस्तक आलं, ‘स्टेसी व्हर्सेस द बीएससी’ (बीएससी म्हणजे बेबी-सिटर्स क्लब). आता स्टेसीलाच क्लबच्या मुली पोरकट वाटायला लागतात. रॉबर्ट हा तिचा मित्र, त्याच्याभोवतीचा नवा ग्रुप. ती घरी पार्टी देते आणि क्लबमधल्या कुणालाही बोलावत नाही. भांडण होतं, ती क्लब सोडते. लेननं तिला जिथं उभं केलं होतं, तिथं ती आता क्लॉडियाला उभं करते. काही पुस्तकांनंतर, नव्या मैत्रिणींचे खरे रंग दिसल्यावर, ती परत येते. म्हणजे शिष्ट मुलगी ही काही वेगळी जात नाही. एकाच मुलीच्या वाट्याला दोन्ही भूमिका येतात. लेन परत आली नाही, स्टेसी आली, एवढाच फरक.

त्याच 1995 साली निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या दोन संशोधकांनी तिसरी ते सहावीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर शाळेतली दांडगाई म्हटलं की बहुतेक वेळा मारामारीच मोजली जायची. या दोघींनी दाखवलं की नात्यातून दिलेली इजाही मोजायला हवी. बोलणं टाकणं, ग्रुपमधून वगळणं, “असं केलंस तर मैत्री तोडीन” म्हणणं. हे त्यांना मुलग्यांपेक्षा मुलींत जास्त दिसलं. अशा वागण्याला शास्त्रात नाव मिळत होतं तेव्हा लेन कमिंग्ज तीन वर्षांपूर्वीच छापून झाली होती.

मालिका आज पुन्हा वाचली जाते ती बरीचशी रेना टेल्गेमायर यांच्यामुळे. त्यांनी 2006 पासून पहिल्या काही कादंबऱ्यांची चित्रकादंबऱ्यांत रूपांतरं केली. पुढे ती रंगीत होऊन आली. 2020 मध्ये नेटफ्लिक्सनं या पुस्तकांवर मालिका काढली, ती दोन सीझन चालली. तिथंही स्टेसीचा आजार आणि लाज ही गोष्ट सुरुवातीलाच येते.

‘द ट्रूथ अबाउट स्टेसी’चं रंगीत पुस्तक मी भाचीला आणून दिलं. तिनं ते एका बैठकीत संपवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो इन्सुलिनचा. स्वतःच्या पोटात सुई टोचून घ्यायची? रोज? मी तिला सांगितलं की 1922 च्या आधी या आजाराची मुलं फार दिवस जगत नसत. त्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. ते शोधून काढणाऱ्यांतल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. “आपला बालदिन!” ती म्हणाली.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. “लेन वाईट आहे का?” मी म्हटलं, तू सांग. बराच वेळ ती चित्र बघत राहिली. त्यात क्लॉडिया होती. क्लॉडिया सगळ्यांसाठी चॉकलेटं दडवते, पण स्टेसीला चालतील अशी खारी बिस्किटंही आठवणीनं ठेवते. भाची म्हणाली, “मला क्लॉडिया आवडते.” लेनबद्दल ती काही बोलली नाही. मांजर अजून दप्तराला लटकतेय.

पुढच्या आठवड्यापासून डबा रिकामा यायला लागला, असं मी लिहिणार नाही. कधी रिकामा येतो, कधी अर्धा. पण 51 वं पुस्तक तिनं स्वतःहून मागून घेतलंय. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असेल आणि 131 पुस्तकांतलं एकच तिच्या हाती द्यायचं असेल, तर मी हेच सुचवीन. फक्त त्याआधी तिसरं वाचू द्या.