अवयव थांबतात, पण मरत नाहीत

‘जखम सेप्टिक झाली’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा जखमेत पू झाला एवढेच सांगायचे असते. डॉक्टर ज्याला ‘सेप्सिस’ म्हणतात ते प्रकरण निराळे. न्यूमोनिया असो, मूत्रमार्गाचा संसर्ग असो की बाळंतपणानंतरचा. जंतूंशी लढताना शरीराचा प्रतिसादच बिघडतो आणि संसर्गापासून दूर असलेले मूत्रपिंड, यकृत, हृदय, मेंदू हे अवयव काम करेनासे होतात. एका अंदाजानुसार २०१७ साली जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतील १ कोटी १० लाख दगावले. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. प्रतिजैविके जंतूंना मारतात, पण थांबलेले मूत्रपिंड सुरू करणे त्यांच्या हाती नसते. जंतूंचा बंदोबस्त झाल्यावरही रुग्ण हातचा जातो तो त्यामुळे.

अवयव का थांबतात? पूर्वी याचे उत्तर सोपे वाटे. रक्तदाब घसरतो, प्राणवायू पोचत नाही, पेशी गुदमरून मरतात. हे काही अंशी खरे आहे. रक्तदाब सावरणे हा आजही उपचाराचा पाया आहे. परंतु १९९०च्या दशकात सेप्सिसच्या रुग्णांच्या स्नायूंतील प्राणवायू मोजला, तेव्हा तो कमी नव्हता, उलट काहीसा जास्तच आढळला. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सेप्सिसने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे हृदय आणि मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. मेलेल्या पेशी फारच थोड्या होत्या. मूत्रपिंडातील बहुतेक नलिका शाबूत होत्या. म्हणजे ज्या अवयवाने काम थांबवले होते, तो दिसायला जवळजवळ निरोगी!

धान्याचे कोठार भरलेले, पण चूल पेटत नाही, अशी ही अवस्था. पेशीतील चूल म्हणजे तंतुकणिका. ग्लुकोजच्या एका रेणूचे प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण ज्वलन झाले तर एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. प्राणवायूविना विघटन झाले तर निव्वळ २. (जुन्या पाठ्यपुस्तकांत ३८ असा आकडा असे, वर्गात हा प्रश्न हमखास येतो.) सेप्सिसमध्ये शरीर नायट्रिक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार करते. जंतूंविरुद्धच्या लढ्यात त्याचा उपयोग असतो, पण तंतुकणिकेत प्राणवायू जेथे वापरला जातो नेमक्या त्या शेवटच्या पायरीवर ते अडसर घालते. लंडनमधील संशोधकांनी २००२ साली रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. जे पुढे वाचले नाहीत त्यांच्या स्नायूंत एटीपी कमी होते.

मग हा निव्वळ बिघाड समजायचा की बचाव? काही संशोधकांचे म्हणणे असे, की ऊर्जा कमी पडू लागताच पेशी स्वतःहून कामे आवरती घेते, म्हणजे मरणे टळते. साग उन्हाळ्यात पाने गाळतो. तो वाळलेला नसतो. मूत्रपिंडाच्या ऊर्जेचा मोठा भाग गाळलेल्या द्रवातून सोडियम परत ओढण्यात खर्च होतो. गाळणेच कमी केले तर हा खर्च वाचतो. रुग्णाची लघवी कमी होते ही आपल्या दृष्टीने धोक्याची खूण, पण पेशीच्या दृष्टीने ती काटकसर असू शकेल. ही कल्पना अजून सिद्ध झालेली नाही. मात्र वाचलेल्या रुग्णांपैकी अनेकांची मूत्रपिंडे पुन्हा चालू लागतात, हे तिच्याशी जुळते.

मेलेले नसेल तर वाचवता येईल, या आशेने चयापचयाला हात घालणारे उपचार सुरू झाले. येथे मात्र भल्याभल्यांची अनुमाने फसली. बेल्जियममधील लूवेन येथे २००१ साली, अतिदक्षता विभागातील शस्त्रक्रियेच्या रुग्णांची रक्तशर्करा इन्सुलिनने काटेकोर ताब्यात ठेवल्यावर मृत्यूचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर हीच पद्धत उचलली गेली. पुढे विविध आजारांच्या ६,१०४ अतिदक्षता रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २००९ साली निकाल आला तो उलटा : काटेकोर गटात २७.५ टक्के मृत्यू, सैल गटात २४.९. क जीवनसत्त्वाचेही तेच. ते विनाशकारी ऑक्सिडीकरण रोखते, तेव्हा उपयोगी पडायला हवे, असा साधा तर्क होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, सेप्सिसच्या रुग्णांवरील चाचणीत शिरेतून त्याचे मोठे डोस दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले किंवा त्यांचे अवयव बंदच राहिले. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. आमच्या मते तर्क शास्त्रीय असूनही चाचणीवाचून उपचार रूढ करणे किती महागात पडते, हे समजावून देण्यास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अन्नाचे काय? अमेरिकेत येल विद्यापीठात २०१६ साली उंदरांवर केलेला प्रयोग आम्हांला विशेष उद्बोधक वाटतो. लिस्टेरिया या जीवाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांना ग्लुकोज दिले तर ते मेले; उपाशी राहिलेले तगले, कारण उपवासात चरबीपासून बनणारी कीटोन द्रव्ये मेंदूचे रक्षण करीत होती. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूबाबत मात्र उलट घडले. तेथे ग्लुकोजने जीव वाचवला. दोन्हीकडे जंतूंच्या संख्येत फरक पडला नव्हता. फरक पडला तो ऊतींच्या सोसण्याच्या शक्तीत. हे वाचून आपल्याकडील तापातले लंघन कोणालाही आठवेल. पण उंदरांवरून माणसाला, त्यातही अशक्त मुलाला, उपाशी ठेवण्याचा निष्कर्ष कोणी काढू नये.

थायमिनची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची, गोष्ट जरा वेगळी. ग्लुकोजपासून बनलेले पायरुवेट तंतुकणिकेच्या ज्वलनचक्रात शिरायला थायमिन लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सेप्सिसच्या ८८ रुग्णांपैकी निम्म्यांना ते दिले. सर्वांचा एकत्र विचार करता लाभ दिसला नाही. पण ज्यांच्यात मुळात थायमिन कमी होते, त्यांच्या रक्तातील लॅक्टेट २४ तासांत अधिक उतरले.

तेव्हा कोणाला काय कमी आहे आणि आजाराची कोणती अवस्था चालू आहे, हे आधी कळले पाहिजे. अडचण अशी, की खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांना रुग्णाची तंतुकणिका दिसत नाही. त्यांच्या हाती असते ते मुख्यतः लॅक्टेट, आणि तेही दुहेरी बोलते. प्राणवायू कमी पडला तरी ते वाढते, आणि प्राणवायू पुरेसा असूनही अ‍ॅड्रेनलिनच्या प्रभावाने ग्लुकोजचे विघटन वेगाने होऊ लागले तरी वाढतेच.