वाळूचा ढीग आणि अचूक उकल

अभ्यासक्रमात आपण जी उदाहरणे सोडवतो, ती बहुतेक सुटणारी म्हणूनच निवडलेली असतात. स्प्रिंगला टांगलेले वजन, हायड्रोजनचा अणू, दोन्ही टोकांना बिजागरी असलेला खांब. त्यामुळे समीकरण मांडले की उत्तर निघतेच असा समज होतो. प्रत्यक्षात सूर्य-पृथ्वीच्या जोडीला तिसरा ग्रह जोडला तरी सर्वसाधारण सूत्र हाती राहत नाही. मग काही प्रणाली अचूक सुटतात त्या कशामुळे? या टिपणात एकच उदाहरण घेऊ, पण हाताने पूर्ण करू.

जबलपुरात घराचे बांधकाम निघाले की दारात नर्मदेची वाळू पडते. त्या ढिगावर वरून थोडी थोडी वाळू सोडत राहा. कधी काहीच होत नाही, कधी चार कण घसरतात, कधी एक अख्खी बाजू खाली येते. १९८७ मध्ये बाक, टँग आणि वीझनफेल्ड यांनी याचा एक सोपा नमुना मांडला आणि संगणकावर चालवून पाहिला. (खरी वाळू या नमुन्यासारखी फारशी वागत नाही. १९९६ मध्ये नॉर्वेतील प्रयोगात लांब दाण्याच्या तांदळाचा ढीग त्याच्या अधिक जवळ आला.) १९९० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी हा नमुना अचूक सुटतो हे दाखवले. २०२२ चे बोल्ट्झमान पदक त्यांना मिळाले.

नियम असा. चौकोनी जाळीच्या प्रत्येक घरात काही कण आहेत. एका घरात कण टाकायचा. कुठेही ४ किंवा जास्त कण झाले की ते घर ढासळते: त्यातले ४ कण जातात आणि चारही शेजाऱ्यांना एकेक मिळतो. कडेच्या घराला ज्या बाजूला शेजारी नाही, तिकडचा कण जाळीबाहेर पडून नाहीसा होतो. सगळे शांत झाले की पुढचा कण.

आता समजा दोन घरे एकाच वेळी ढासळायला आली. आधी कोणते ढासळवायचे? कोणतेही! एक ढासळले तर दुसऱ्यातले कण कमी होत नाहीत, झाले तर वाढतातच. म्हणून त्याची पाळी चुकत नाही. शेवटची मांडणी क्रमावर अवलंबून नसते. नील्स आबेल या गणितज्ञाच्या नावावरून या गुणधर्माला आबेलीय म्हणतात. नियम वाचताना तो नजरेतून सहज निसटतो, पण सगळी उकल त्याच्यावरच उभी आहे.

दोनच घरांची जाळी घ्या, अ आणि ब. प्रत्येकात ० ते ३ कण, म्हणजे १६ शांत मांडण्या. (०,१) पासून सुरू करून फक्त अ मध्ये कण टाकत जा. (१,१), (२,१), (३,१); चौथ्या कणाला अ ढासळते, एक कण ब ला मिळतो, तीन बाहेर जातात, आणि (०,२) येते. असेच पुढे (३,३) पर्यंत जा. तिथे आणखी एक कण टाकला की अ ढासळते, त्याच्या धक्क्याने ब ढासळते, आणि (१,०) मिळते. वही घेऊन हे खरेच करा. बरोबर १५ कणांनंतर तुम्ही पुन्हा (०,१) वर याल. वाटेत १५ मांडण्या एकेकदा भेटतील. (०,०) मात्र एकदा सुटली की परत येत नाही.

हा १५ आधीच सांगता आला असता. प्रत्येक घरासाठी कर्णावर ४ आणि शेजाऱ्यांच्या जागी −१ लिहून मॅट्रिक्स बनवा. तिचा निश्चयक ४×४ − १×१ = १५. धर यांचा निष्कर्ष असा की कितीही मोठ्या जाळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या मांडण्यांची संख्या म्हणजे हाच निश्चयक, आणि कण यादृच्छिकपणे टाकत राहिलात तर त्या सगळ्या सारख्याच वेळा येतात. त्याच मॅट्रिक्सचा व्यस्त घेतला तर एका कणामागे कोणते घर सरासरी किती वेळा ढासळते ते कळते. आपल्या जाळीत अ मध्ये टाकलेल्या कणामागे अ ४/१५ वेळा, ब १/१५ वेळा. तुमच्या वहीतल्या फेरीत अ चार वेळा आणि ब एकदा ढासळले असेल; मोजा.

२×२ जाळीला २५६ पैकी १९२ मांडण्या मिळतात, ३×३ ला २,६२,१४४ पैकी १,००,३५२. जाळी खूप मोठी झाली की प्रत्येक घरामागे ४ ऐवजी सुमारे ३.२१ चा गुणाकार होतो.

याचा उपयोग काय, हे मला वर्गात कळले. एका गटाने पायथनमध्ये हा नमुना लिहिला. आलेख देखणा होता, लॉग-लॉग कागदावर जवळजवळ सरळ रेषा. मी म्हटले, आधी २×२ चालवून मांडण्या मोजा. आल्या १२८. पायथनमध्ये −१ क्रमांक म्हणजे यादीतले शेवटचे घर. त्यामुळे वरच्या आणि डाव्या कडेवरून बाहेर पडायचे कण समोरच्या कडेने पुन्हा आत येत होते. प्रोग्रामने एकही तक्रार केली नव्हती. १९२ हा आकडा हातात नसता तर तो आलेख प्रोजेक्टच्या अहवालात गेला असता, आणि बहुधा मीच त्यावर सही केली असती. खांबाच्या वाकण्याचे सॉफ्टवेअर वापरणारे ऑयलरचे π²EI/L² आधी तपासतात, ते याच कारणासाठी.

‘अचूक सुटते’ याचा अर्थ मात्र सगळे प्रश्न सुटले असा घेऊ नका. कण फक्त उताराच्या दिशेनेच जातात अशा नमुन्यात घसरणी किती मोठ्या आणि किती वेळा होतात, याचे घातांक धर आणि रामस्वामी यांनी १९८९ मध्येच अचूक काढले. आपण वर पाहिलेल्या, चारही दिशांना कण पसरणाऱ्या सपाट जाळीसाठी मात्र तोच प्रश्न अजून उभा आहे. मांडण्या नेमक्या मोजता येतात, सरासरी ढासळणे नेमके काढता येते. पुढची घसरण एखाद्या आकाराची असण्याची संभाव्यता त्यातून निघत नाही.